विंडोज, मॅक की लिनक्स? बदलण्याआधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट (म्हणजे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट) संपला आणि ठाणे-वाशीतल्या छोट्या ऑफिसांत एकच विषय सुरू झाला: आता काय घ्यायचं? कुणी म्हणतं विंडोज ११ टाका. कुणाचा भाचा ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला आहे, तो म्हणतो मॅक घ्या, डोक्याला ताप नाही. कॉलेजातला पोरगा लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमचा पेनड्राइव्ह घेऊन तयारच असतो. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. गडबड होते ती तुलना करताना. लोक स्क्रीन बघून ठरवतात आणि काम अडतं ते प्रिंटर, मराठी टायपिंग, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि डिजिटल सहीच्या टोकनपाशी.

जुनी हार्ड डिस्क विरुद्ध नवा मॅक

‘विंडोज हँग होतं, मॅक कसा पटापट चालतो!’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं, विंडोजचं मशीन कोणतं? बहुतेक वेळा ते आठ-नऊ वर्षांपूर्वीचं, ४ जीबी रॅमचं आणि फिरत्या हार्ड डिस्कचं निघतं. त्याची तुलना एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या कोऱ्या मॅकबुकशी. ही ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना नाहीच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मशीन रखडलेलं असताना डिस्क १०० टक्के आणि सीपीयू दहा-पंधरा टक्के दिसत असेल, तर दोष डिस्कचा आहे. एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा आणि मग ठरवा. अशा डिस्कवर लिनक्स टाकलं तर ते थोडं हलकं वाटेल, पण क्रोममध्ये वीस टॅब उघडले की तेही गुडघे टेकतं. ब्राउझर रॅम खातो तेव्हा खाली कोणती सिस्टिम आहे ते बघत नाही.

मॅकच्या बाबतीत उलटं लक्षात ठेवा. ॲपलच्या एम मालिकेची चिप असलेल्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. जे घ्यायचं ते पहिल्याच दिवशी. सेकंड हँडमध्ये ८ जीबीचा एम१ एअर स्वस्त दिसतो आणि मेल, ब्राउझर, एक्सेलला पुरतोही, पण व्हिडिओ एडिटिंगच्या आशेने घेऊ नका.

‘आय५ आहे’ एवढ्यावर समाधान मानणं

कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले लॅपटॉप आपल्याकडे भरपूर मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडलाच जायला हवं असं आता राहिलं नाही, ठाणे स्टेशनजवळही मिळतात. मशीन दणकट असतात, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. फक्त ‘कोर आय५’ या स्टिकरला काही अर्थ नाही. त्यापुढचा आकडा बघा. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-७२००यू म्हणजे सातवी. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप, टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. सातव्या पिढीचे एखाद-दोन अपवाद आहेत, पण तुमच्या समोरचा लॅपटॉप त्यात असण्याची शक्यता कमीच.

दुकानदार म्हणतो, ‘अकरा टाकून देतो ना साहेब!’ आणि टाकतोही. तपासणी चुकवून बसवता येतं हे खरं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यात ‘ॲक्टिव्हेशन फ्री’ म्हणजे बहुधा क्रॅक. ज्या मशीनवरून बँकेचं काम करायचं त्यावर कुणा अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम ॲडमिन अधिकाराने चालवायचा, हे मला तरी पटत नाही.

कधी कधी मशीन लायक असतं आणि तरी ‘टीपीएम नाही’ असा मेसेज येतो. लगेच निराश होऊ नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ते नुसतं बंद असतं. इंटेलच्या मशीनवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. चालू करून पुन्हा तपासा.

सातव्या पिढीचं मशीन घरात आहेच, तर ते भंगारात काढायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टची विंडोज १० साठीची वाढीव सुरक्षा योजना घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. नाहीतर लिनक्स मिंट २२ टाका, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मेल, यूट्यूब, लाइट बिल आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच काम असणाऱ्या घरात मी बिनधास्त मिंट सुचवतो.

मराठी फाइलींचा विचार शेवटी करणं

सगळ्यात जास्त रडारड इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी काका घ्या. पंधरा वर्षांची इतिवृत्तं, नोटिसा, सभासदांची यादी, सगळं श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये. नवीन मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. काका म्हणतात, लिनक्सने फाइल खाल्ली. फाइल ठणठणीत असते. त्या जुन्या फाँटमध्ये आत साठवलेली अक्षरं मुळात रोमनच होती, त्यांना देवनागरी रूप फाँट देत होता. फाँट नाही तर रूप नाही. नव्या विंडोजवर, मॅकवर, कुठेही हेच होणार.

फाँट कॉपी करून नेला तर वाचता येईल, पण शोधता येणार नाही आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं की पुन्हा खिचडी. त्यामुळे जुनं मशीन पुसण्याआधी त्याच मशीनवर सगळ्या फाइली युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीत) बदलून घ्या आणि प्रत्येकीची एक पीडीएफही काढून ठेवा. बदललेल्या फाइलीत रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर घसरतात ते तिथेच.

दुसरा घोळ पानं सरकण्याचा. विंडोजवर मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये बसवलेली नोटीस लिनक्सवर उघडली की तिथे तो फाँट नसतो, सिस्टिम दुसरा लावते आणि एका पानाची नोटीस दीड पानाची होते. सगळीकडे नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोफत फाँट बसवा आणि तोच वापरा. मुक्ता तर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा आहे.

टायपिंगचं म्हणाल तर सवय ज्या कीबोर्डची तो मिळतोय का, एवढंच बघायचं. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवणारा) आतच आहे. भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला. गुगलचं जुनं इनपुट टूल अजून पेनड्राइव्हवरून फिरतंय, पण विंडोजसाठी ते देणं गुगलने केव्हाच थांबवलंय. नव्या मशीनवर त्याच्या नादी लागू नका. माझं स्पष्ट मत विचाराल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, शिका. तिन्ही सिस्टिमवर अक्षरांच्या जागा जवळपास त्याच. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य अनेकांना फोनेटिकवर सापडत नाही, मग ‘दुसर्या’ असं काहीतरी नोटिशीत छापलं जातं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. झालं. ळ हवा तर शिफ्ट आणि एन.

लाख-कोटी आणि तारखा

एक्सेलमध्ये १,००,००० ऐवजी १००,००० दिसायला लागलं, की ‘नवीन विंडोज बेकार’ असा निकाल लागतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश अमेरिका राहिलाय, इतकंच. भारत निवडा. हे फक्त दिसण्यापुरतं नाही. अमेरिकी सेटिंगमध्ये ३ एप्रिलचं बिल ०३/०४ असं टाकलं तर सिस्टिम ते ४ मार्च धरते, म्हणजे बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात. सीएचा फोन येतो तेव्हा उशीर झालेला असतो. लिब्रऑफिसमध्ये लाखाच्या स्वल्पविरामासाठी सेलचा नंबर फॉरमॅटही तपासावा लागतो.

टॅली, टोकन आणि प्रिंटर न विचारता मॅक घेणं

वागळे इस्टेटमधलं एखादं युनिट किंवा तुर्भ्याच्या मार्केटमधला गाळा असेल आणि टॅलीवर दिवस चालत असेल, तर चर्चा इथेच संपवा: विंडोज. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर ते चालवायच्या खटपटी आहेत, पण वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना खटपट नको असते.

एक्सेलच्या फाइलीत मॅक्रो (आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम) असतील तर मॅकवर आधी चालवून बघा. मोठ्या डेटाच्या विश्लेषणाचं पॉवर पिव्हट मॅकच्या एक्सेलमध्ये नाही आणि मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर ॲक्सेस तर मॅकसाठी येतच नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल तर त्यावरचं मॉडेल वाचून त्याचा ड्रायव्हर तुमच्या नव्या सिस्टिमच्या नेमक्या आवृत्तीसाठी आहे का ते खरेदीच्या आधी बघायचं.

प्रिंटरचंही तेच. आपल्याकडे ऑफिसा-ऑफिसांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायचा म्हणजे डोकेफोड, कारण तो स्वतःच्या वेगळ्या भाषेत बोलतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात. १०२० सारख्या जुन्या लेझरजेटना मात्र एचपीचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं. नवा प्रिंटर घेणारच असाल तर वायफायचा, एअरप्रिंट (ॲपलची ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) असलेला घ्या, तो बहुधा तिन्हीकडे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.

आठवड्यात मॅकला नावं ठेवणं

विंडोजवरून आलेल्या माणसाला मॅकवर पहिले काही दिवस सगळंच उलटं वाटतं. लाल बटण दाबलं तरी प्रोग्रॅम चालूच राहतो, तो कमांड आणि क्यूने बंद होतो. फाइलवर एंटर मारलं की उघडत नाही, नाव बदलायला लागते. फाइल कट करायची तर कमांड-सीने कॉपी आणि ऑप्शन-कमांड-व्हीने हलवायची. हे बिघाड नाहीत, सवयी आहेत.

खरा अडथळा वेगळा आहे: विंडोजवर एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली बाहेरची हार्ड डिस्क मॅकवर वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅट या दोघांनाही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवा. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, म्हणून आधी डेटा दुसरीकडे.

पेनड्राइव्हवर न बघता थेट लिनक्स टाकणं

मिंटची आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टिमची एक फाइल) साधारण ३ जीबीची आहे. रुफस या मोफत प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा आणि त्यावरून मशीन सुरू करा. त्यासाठी मशीन चालू होताना बहुधा डेल, लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबायचं. काहीही इन्स्टॉल न करता अख्खी सिस्टिम समोर येते. वायफाय, आवाज, ब्लूटूथ, प्रिंटर तपासा, लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडा. वेगाचा निकाल मात्र इथे लावू नका, पेनड्राइव्ह हळूच असतो.

दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच जागा मोकळी करा. इन्स्टॉलरमध्ये ‘डिस्क पुसून टाका’ आणि ‘विंडोजच्या शेजारी’ हे पर्याय जवळजवळ असतात. न बघता नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलात तर फोटोंसकट सगळं जाऊ शकतं, म्हणून बॅकअप आधी.

त्याहून छुपी अडचण बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या सोयीची. नवीन विंडोज ११ लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला की डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला, की निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या यादीत सापडते, पण अकाउंट कोणत्या मेलवर उघडलं होतं हेच अनेकांना आठवत नाही. दुकानदाराने स्वतःच्या मेलवर उघडून दिलं असेल तर आणखी पंचाईत. म्हणून कशालाही हात लावण्याआधी की शोधून कागदावर लिहून ठेवा.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (मशीन पूर्ण बंद न करता लवकर सुरू करायची सोय) हेही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. आणि लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजतं. लिनक्सला एकदा स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की दोघांचं जमतं.