तुमच्या बीटवर कुऱ्हाड येणार का, हे आधी ओळखा

तुम्ही क्रीडा माध्यम कंपनीत वार्ताहर असाल, तर बीट (तुम्हाला नेमून दिलेला खेळ) बंद होण्याची चिन्हं आधीच दिसतात. आधी प्रक्षेपण हक्क तपासा. ज्या खेळाचे सामने कंपनी स्वतः दाखवत नाही, त्याचा वार्ताहर बहुधा पहिला जातो. अमेरिकी क्रीडावाहिनी ईएसपीएनने २०१६मध्ये सुरू केलेला ईस्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) विभाग नोव्हेंबर २०२०मध्ये बंद केला. त्या खेळाचा प्रेक्षक मुख्यतः ट्विच (थेट प्रक्षेपणाचं संकेतस्थळ) आणि यूट्यूबवर होता. केबलचं शुल्क मात्र कोण काय पाहतं हे न विचारता दरमहा जमा व्हायचं, छोट्या बीटचे पगार त्यातूनच निघायचे. केबलच्या जोडण्या तुटल्या की उरलेला पैसा थेट सामन्यांच्या हक्कांकडे वळतो. म्हणून बीट बंद करताना दिलं जाणारं ‘वाचक कमी’ हे कारण अर्धंच खरं.

नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याची जागा भरली का? दौऱ्याचा खर्च मंजूर होतो का? नसेल, तर तुमच्या बातम्या लगेच पीडीएफ करून स्वतःच्या डिस्कवर ठेवा (ऑफिसच्या लॅपटॉपवर नव्हे!), वेबॅक मशीनवरही (जुनी वेबपानं साठवणारं संकेतस्थळ) जतन करा. नुसते दुवे साठवू नका; संकेतस्थळाची रचना बदलली की ते तुटतात.