शिंकं तुटायच्या आधी: टांगता भांड्यांचा रॅक लावताना या चुका टाळा

आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात भांड्यांची मांडणी रात्री दोनच्या सुमारास खाली आली. आवाज असा, की शेजारचे काका काठी घेऊनच दारात. सकाळी केर भरताना भिंतीतून निघालेली प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात ठोकतात ती नळी, सापडली. तिला चिकटलेला माल सगळा सिमेंट-वाळूचा होता, विटेचा लाल कण एकही नव्हता. म्हणजे स्क्रू विटेपर्यंत पोचलाच नव्हता. दोन वर्षं आमची सगळी भांडी जेमतेम पाऊण इंचाच्या गिलाव्यावर लटकत होती.

तेव्हापासून माझ्या आणि नातेवाइकांच्या घरी मिळून पाच-सहा रॅक लावले. भिंतीवरची स्टीलची मांडणीही लावली आणि साखळ्यांनी छताला टांगायचा, आकड्यांचा रॅकही. रॅक स्वतः मोडलेला मी अजून पाहिलेला नाही. दगा देतं ते भोक. आणि आपण मात्र दुकानात तासभर रॅकची चकाकी बघतो, भिंत कसली आहे हे ड्रिल हातात घेतल्यावर आठवतं.

जुनं शिंकं तुळईला नाहीतर वाशाला बांधलेलं असे. लाकडाला दोर वेढला की काम झालं, तुटला तर दोर तुटणार आणि बोक्याचं फावणार. फ्लॅटच्या स्लॅबला दोर वेढता येत नाही, त्यामुळे सगळा खेळ त्या दोन इंचांच्या भोकावर येतो.

वजन न करता रॅक घेणं

"हलकीच तर भांडी आहेत" असं सगळेच म्हणतात. आमच्याकडे बिडाचा तवा, लोखंडी कढई, पाच लिटरचा कुकर, दोन पितळी पातेली आणि डझनभर ताटं एवढंच टांगायचं होतं. वजनकाट्यावर भांडी हातात घेऊन उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. बावीस किलो भरले, रॅकचं लोखंड वेगळंच. तीच भांडी ॲल्युमिनियमची असती तर आकडा बराच खाली आला असता, कारण एकाच आकाराच्या तुकड्यात स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं, आणि तांबं-पितळ त्याहून थोडं जास्तच. जो आकडा येईल त्याच्या निदान दुप्पट भार पेलेल अशी तयारी ठेवा. भांडं अलगद कुणी अडकवत नाही, घाईत आदळतंच.

भिंत न ओळखणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. भिंत ओळखायला इंजिनिअर लागत नाही, ड्रिलमधून पडणारी पूड बघा. आधी अर्धा-पाऊण इंच करडी वाळूमिश्रित पूड येईल, तो गिलावा. त्याच्या आत लाल पूड आली तर वीट. बिट पुढे जाईना, पूड करडी आणि बारीक, तर काँक्रीट, म्हणजे बीम किंवा कॉलम. आणि बिट लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, पूड पांढरट मऊ, तर ते हलके ब्लॉक, ज्यांना आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती याच असतात.

विटेत लांब स्क्रू आणि चांगली गिट्टी पुरते, फक्त गिलाव्याची जाडी सोडून विटेत दीड-दोन इंच शिरायला हवी. ब्लॉकच्या भिंतीत मात्र नेहमीची छोटी गिट्टी फुगून ब्लॉकचाच भुगा करते. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, बिट एक नंबर लहान घ्या आणि ब्लॉकसाठी मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवतात तो बोल्ट) वापरा. पलीकडच्या खोलीत पट्टी दिसली तरी चालणार असेल तर आरपार बोल्ट टाकून मागे लोखंडी पट्टी देणं सगळ्यात निर्धास्त. मी माझ्या बहिणीकडे तेच केलं. पट्टी तिच्या कपाटामागे गेली, कुणाला दिसतही नाही.

छताला प्लास्टिकची गिट्टी

भिंतीवरच्या रॅकचं वजन स्क्रूला मुख्यतः खाली दाबतं. छतावरचं वजन स्क्रूला सरळ बाहेर ओढतं, दिवसरात्र. प्लास्टिकची गिट्टी हळूहळू सरकते आणि एक दिवस सुटते. छताला धातूचा अँकर फास्टनरच, म्हणजे आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्टच हवा, पाकिटावर लिहिलेल्याच मापाच्या बिटने पाडलेल्या भोकात. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने साफ करा. फुंकताना डोळे मिटा, हा अनुभवाचा सल्ला.

स्लॅबमध्ये इंचभर आत सळई असते. बिट किंचाळायला लागला आणि चकचकीत कीस पडू लागला तर थांबा, दोन-तीन इंच सरका. सळई कापून पुढे जाऊ नका. स्लॅबमधून विजेच्या नळ्याही जातात, त्या सरळ रेषेत असतीलच असं नाही. फॅन आणि दिव्याच्या पॉइंटच्या मधला पट्टा टाळा, स्वयंपाकघराचे आणि दिव्यांचे एमसीबी पाडा, ड्रिलला वीज हॉलमधून वायर ओढून घ्या.

फॉल्स सीलिंग असेल तर जिप्समच्या बोर्डाला किंवा त्याच्या पत्र्याच्या पट्ट्यांना काहीही टांगू नका. बोर्डातून भोक पाडून आटे असलेला लोखंडी रॉड वरच्या खऱ्या स्लॅबला अडकवायचा. साखळ्या शक्यतो उभ्या सरळ ठेवा. चार साखळ्या मध्यावरच्या एकाच हुकात तिरक्या गोळा केल्या की प्रत्येकीवरचा ताण वाढतो, शिवाय सगळं एका भोकाच्या जिवावर येतं.

जागा आणि उंची

रॅक चालण्याच्या वाटेवर नको, ओट्याच्या वर हवा, म्हणजे डोकं आपटत नाही. पण शेगडीच्या थेट वरही नको. फोडणीचा धूर रोज कढईच्या पाठीवर बसतो आणि महिन्याभरात चिकट काळा थर तयार. उंचीसाठी टेप नंतर काढा. घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिने ओट्यासमोर उभं राहून हात वर करावा. मनगट जिथे येईल तिथे आकडा. आमच्याकडे उंची मी ठरवली होती आणि आईला वर्षभर स्टूल लागलं. कपाटांची दारं उघडून बघा, चिमणीचा पाइप बघा.

स्टील म्हणून काय घेतो

"चुंबक चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील" हे अर्धसत्य. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, पण गंजायला ते ३०४ पेक्षा लवकर तयार होतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हा फरक लवकर दिसतो. बिलावर ग्रेड लिहून मागा. हुक आणि स्क्रूही स्टीलचेच घ्या, नाहीतर रॅक चकचकीत आणि भिंतीवर तांबडे ओघळ.

लावलेला रॅक कुरकुरत असेल तर

हलवला की स्क्रू फिरतो? भोक सैल झालंय. काड्यापेटीच्या काड्या ठोकून भागवू नका, ती युक्ती कॅलेंडरपुरती ठीक. भोक बुजवा आणि तीन-चार इंच बाजूला नवं पाडा. रॅक एका बाजूला झुकत असेल तर आधी जड भांडी दोन्ही टोकांच्या आधाराजवळ आणा. बऱ्याचदा तेवढ्यानेच सरळ होतो. भांडं काढताना आकडाच हातात येत असेल तर आकड्याचं वरचं टोक पक्कडीने दाबून दांड्यावर बसवा.

नवा रॅक लावल्यावर भांडी लगेच चढवू नका. खाली गादी टाकून पाण्याच्या भरलेल्या बादल्या टांगा. लिटरला एक किलो, हिशेब सोपा. रात्रभर राहू द्या, सकाळी हुकाभोवती बारीक तडा दिसतो का बघा.

आणि पावसाळ्यात छतातल्या हुकाभोवती ओलसर वर्तुळ किंवा पोपडे दिसले, तर त्या दिवशी सगळी भांडी उतरवा. तिथली सळई गंजू लागलेली असू शकते. आधी गळती, मग रॅक.