माशांतली चरबी: देशाच्या ताळेबंदात आणि आपल्या ताटात कशी मोजायची

गेल्या वर्षी बारावीच्या एका मुलीने प्रकल्पात लिहिलं होतं, "भारतीय माणूस माशांतून रोज इतकी चरबी खातो." आकडा तिने नीट उतरवून घेतला होता. चूक होती ती 'खातो' या शब्दात. कोल्हापुरात मी गृहविज्ञान शिकवते, आणि दरवर्षी दोन-चार वह्यांत हीच चूक सापडते. म्हणून हा आकडा कुठून येतो आणि कसा वाचायचा, ते एकदा सविस्तर लिहिते.

देशात कुठलं अन्न किती आलं, किती गेलं आणि खायला किती उरलं, या हिशेबाला अन्न ताळेबंद म्हणतात. जगातल्या जवळपास सगळ्या देशांचे असे ताळेबंद संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ठेवते. फाओस्टॅट या तिच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतात. 'फूड बॅलन्सेस' उघडा, देश भारत निवडा, घटकांच्या यादीत 'फॅट सप्लाय क्वांटिटी' धरा. एकक येतं दरडोई दर दिवशी ग्रॅम. तिथे दोन मालिका दिसतील. जुनी 2013 ला संपते आणि नवी 2010 पासून सुरू होते. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे त्या एकमेकींना जोडू नका. मी जोडल्या होत्या. वर्गाच्या भिंतीवर तक्ताही लावला, आणि मधली उडी बघून मुलींना सांगितलं की मासे खाणं बदललं. बदललं होतं फक्त मोजणं. तो तक्ता उतरवून मुलींना पुन्हा समजावून सांगावं लागलं.

आता कुठल्या ओळी घ्यायच्या? 'फिश, सीफूड' या गटात गोड्या पाण्यातले मासे, समुद्रातले मासे, कोळंबी-खेकडे, माकूळ, शिंपले हे सगळं येतं. 'इतर जलीय उत्पादनं' हा गट वेगळा आहे, आणि त्यात समुद्री वनस्पतीही धरलेल्या असतात. तुम्हाला फक्त प्राणी हवे असतील तर वनस्पतींची ओळ सोडा. माशांच्या अंगाचं तेल आणि यकृताचं तेल मात्र माशांच्या गटात सापडणार नाही, ते 'प्राणिज चरबी'त असतं. तिकडे बघितलं नाही तर बेरीज अपुरी राहते. आणि आपण बांगडा तव्यावर ज्या तेलात तळतो ते वनस्पती तेलांच्या ओळीत. माशाच्या खात्यावर ते कधीच चढत नाही.

आकडा तयार कसा होतो, ते एकदा स्वतः करून बघा. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, साठ्यातला फरक जमेस धरायचा. त्यातून पशुखाद्य, कारखान्यात गेलेला माल आणि वाटेतली नासाडी वजा करायची. उरलं ते अन्न. त्याला लोकसंख्येने भागायचं, 365 ने भागायचं, मग चरबीच्या प्रमाणाने गुणायचं.

2022-23 मध्ये भारताचं मत्स्योत्पादन 175.45 लाख टन होतं. त्यात 131.13 लाख टन नद्या, तळी, धरणं आणि शेततळ्यांतलं, म्हणजे समुद्राच्या जवळपास तिप्पट. निर्यात साधारण 17.35 लाख टन. वजाबाकी 158 लाख टन. 141 कोटी माणसांत वाटलं तर वर्षाला माणशी सुमारे 11 किलो, दिवसाला 30 ग्रॅम. पण हे अख्ख्या जिवंत माशाचं वजन आहे, डोकं, खवले, काटे धरून. निर्यातीचं वजन मात्र डोकं काढलेल्या, सोललेल्या कोळंबीसारख्या मालाचं असतं, त्यामुळे ही वजाबाकी थोडी ढोबळच. शिवाय तारलीचा बराच माल फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या कारखान्यात जातो, तो मी इथे वजा केलेला नाही. 30 ग्रॅमपैकी खाण्याजोगं 60 टक्के धरा, म्हणजे 18 ग्रॅम. गोड्या पाण्यातले मासे जास्त असल्यामुळे सरासरी चरबी अडीच टक्के धरते. उत्तर येतं साधारण अर्धा ग्रॅम. चहाच्या चमच्यात तेल मावतं सुमारे 5 ग्रॅम, त्याचा हा दहावा भाग. उष्मांक 4 च्या आसपास.

एवढ्याशा आकड्यासाठी खटाटोप कशाला, असं मुली विचारतात. ताळेबंद फक्त किती ते सांगतो, कसली ते सांगत नाही. माशांच्या चरबीत ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्लं असतात. शेंगतेलात ती नसतात. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए लागतं. आणि हा अर्धा ग्रॅम म्हणजे मालवणचं रोज मासे खाणारं घर आणि आमच्या गल्लीतलं माळकरी घर यांची एकत्र सरासरी. म्हणून 'खातो' लिहायचं नाही, 'उपलब्ध होते' लिहायचं. घरात आणि हॉटेलात टाकून दिलेलंही त्यात मोजलेलं असतं.

खाल्लेलं मोजायचं तर घरीच मोजावं लागतं. आंबा घाटातून रात्री बर्फात आलेला माल सकाळी आमच्या बाजारात असतो. पावसाळा सरला की माझी नेहमीची मावशी म्हणते, "बाई, आज तारलीच न्या. हाताला तेल लागतंय बघा." खरंच लागतं. पोट फाडल्यावर आतल्या कडेला पांढरट थर दिसतो, बोटं चकाकतात, आणि कालवण निवलं की वर पिवळसर वलयं जमतात. तारलीची चरबी ऋतूप्रमाणे 3-4 टक्क्यांपासून 15 टक्क्यांच्या पुढेही जाते. रोहू, कोळंबी, ताजे बोंबील यांत ती थोडीच. देशाच्या ताळेबंदात हा ऋतू दिसत नाही.

आमच्या चौघांच्या घरातला एक रविवार सांगते. बांगडा आणला 1 किलो. डोकी आणि आतडी काढून राहिला 650 ग्रॅम. जेवणं झाल्यावर काटे गोळा करून वजनकाट्यावर ठेवले, भरले 130 ग्रॅम. म्हणजे पोटात गेला 520 ग्रॅम. चरबी 5 टक्के धरली तर 26 ग्रॅम. त्याला चार माणसांनी आणि सात दिवसांनी भागलं की 0.93 येतं. आठवड्यातून एकदाच मासे खाऊनही देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. तुमच्या घरी कुठला मासा येतो त्याप्रमाणे टक्केवारी बदला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत ती माशागणिक मिळते.

निदान चार आठवडे लिहून ठेवा, एका रविवारावर जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात डब्यातली सुकट आणि सुके बोंबील निघतात. त्यांतलं पाणी उडालेलं असल्याने 100 ग्रॅममागचे आकडे चढे दिसतात, तेव्हा ताज्या माशाची टक्केवारी सुक्याला लावू नका. आणि सुकट कोरडी असतानाच तोला, भिजवल्यावर नको.