बीमवरची अडलेली उडी: माझा अनुभव
जळगावात जिम्नॅस्टिक्स शिकणारी माझी अकरा वर्षांची मुलगी जमिनीवर बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे उडी घेऊन हातांवर टेकत पुन्हा पायांवर येण्याची कसरत, सहज करते. पण 125 सेंटिमीटर उंच आणि अवघ्या 10 सेंटिमीटर रुंद बीमवर, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायच्या आडव्या पट्टीवर, तीच उडी सोमवारी जमायची आणि बुधवारी तिचे पाय जागीच थबकायचे. ‘आज जमली का?’ हा माझा रोजचा प्रश्नच तिला ओझे होत होता, हे मला फार उशिरा कळले.

प्रशिक्षकांशी बोलून आम्ही उंच बीम तीन आठवडे बंद ठेवला; आधी जमिनीवर आखलेली रेघ, मग जमिनीलगतचा बीम, त्यानंतर दोन्ही बाजूंना गाद्या रचलेला उंच बीम असा क्रम ठरवला, आणि भीती वाटल्यास एक पायरी मागे जाण्याची मोकळीक तिलाच दिली. आता दहापैकी सात उड्या नीट होतात. उरलेल्यांविषयी मी विचारत नाही, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाताना ती आपणहून सांगते.