स्टॉप मोशन करताना बाहुली पडू नये म्हणून काय काय करायचं

मोबाइलवर स्टॉप मोशन (बाहुली थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते जोडून हलतं चित्र करायचं) करायला घेतलंय आणि बाहुली सारखी आडवी होतेय, तर आधी तिच्या पायाखाली काय आहे ते बघा. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांच्या सीनला १२० फोटो होतात, आणि मधेच कुठेतरी ती पडली की परत तंतोतंत त्याच जागी उभी करणं फार कठीण, सीनमध्ये गचका दिसतोच. नुसती उभी असते तेव्हा दोन पायांवर तगते, पण चालायला लावली की एक पाय वर आणि सगळं वजन दुसऱ्या बोटभर तळव्यावर, तिथेच कोसळते. म्हणजे पकड हवी ती जमिनीवरच्या पायाला, आणि तीही दर फोटोला सोडवता येईल इतकीच, म्हणून फेविक्विक वगैरे डोक्यातून काढून टाका.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे भिंतीवर पोस्टर चिकटवतात तो ब्लू टॅक. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडकडे स्टेशनरीवाल्यांना विचारा, 'पोस्टरचा चिकट गोळा' म्हटलं तरी कळतं. एवढासा तुकडा घ्यायचा, बोटांनी नीट मळायचा, आणि तळव्याच्या मधोमध न लावता टाचेला एक आणि चवड्याला एक असे दोन बारीक ठिपके लावायचे, मधोमध लावला तर बाहुली त्यावर डुलत राहते. काढताना सरळ वर ओढू नका, सेट पण उचलला जातो, टाच उचलून पाय कलता करा म्हणजे सुटतो. चार्टपेपरची जमीन असेल तर वरचा थर सोलून निघतो, त्यावर आधी पारदर्शक चिकटपट्टी मारून घ्या (थोडी चमकते, लाइट तिरका ठेवा). मे महिन्यात गोळा मऊ पडतो, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवला की परत घट्ट. धूळ बसून पकड गेली तर सरळ नवीन तुकडा.

बाहुली जड असेल किंवा खूप चालायची असेल तर चुंबक, माझं मत विचाराल तर हाच खरा मार्ग. जांभळी नाका किंवा स्टेशनकडच्या हार्डवेअरवाल्याकडून जीआयचा (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पातळ पत्रा कापून घ्या, कडा धारदार असतात त्यांना टेप लावा, वर एकच कागद चिकटवा, झाली जमीन. बाहुलीच्या तळव्यात छोटा निओडिमियमचा (आकाराने लहान पण ताकदीचा) गोल चुंबक एम-सीलने बसवायचा. फ्रिजवर लावायचे शोभेचे चुंबक काही कामाचे नाहीत. आणि पत्र्याऐवजी घरातलं स्टीलचं ताट उलटं घालायच्या आधी चुंबक लावून बघा, बऱ्याच स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतच नाही. अंतर वाढलं की पकड झपाट्याने कमी होते, त्यामुळे पत्र्यावर जाड फोम किंवा प्लाय टाकलात तर सगळं मुसळ केरात. पुठ्ठ्याचा सेट असेल तर उलट करा, पायाला लोखंडी वायसर आणि पुठ्ठ्याखालून चुंबक, पाय उचलायचा असेल तेव्हा खालून चुंबक बाजूला घेतला की झालं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, हे चुंबक लहान मुलांच्या हाती अजिबात नको. दोन गिळले गेले तर आतड्यांच्या पदरांमधून एकमेकांना खेचतात आणि आतडं फाटू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ताबडतोब हॉस्पिटल.

लेगोवाल्यांचं सोपं, बेसप्लेटवर माणूस घट्ट बसतो. पण खुंट्या ८ मिमी अंतरावर असल्यामुळे चाल उड्या मारल्यासारखी दिसते, तिथे गुळगुळीत टाइल टाकून ब्लू टॅक वापरा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पण मस्त चालतात, त्यांना पाय हलवायचेच नसतात, बैठकीखाली एम-सीलने वायसर बसवा आणि सरकवत न्या, किल्ला सर करताना भारी दिसतात. हॉट व्हील्सच्या गाड्या हात लागला की घरंगळतात, चाकाच्या मागे बारीकसा गोळा कॅमेऱ्याकडून दिसणार नाही असा.

पाय धरला तरी कंबर नाहीतर गुडघा सैल असेल तर बाहुली हळूहळू वाकत जाते आणि ते फोटो जोडल्यावरच कळतं. सांधा उघडता येत असेल तर आतल्या गोळ्यावर प्लंबरचा टेफलॉन टेप एक वेढा, नाहीतर फेविकॉलचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्या आणि मग बसवा. नेलपॉलिश लावू नका, काही प्लास्टिक त्याने विरघळतं.

उडी मारायची असेल तर खालून पकड देऊन उपयोग नाही, वरून तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) बांधा किंवा मागून जाड ॲल्युमिनियमच्या तारेचा आधार द्या, तारेचं दुसरं टोक एखाद्या जड वस्तूत पक्कं करा. तंगूस चमकतो, त्यावर खडू फिरवा. बाहुली ठेवायच्या आधी रिकाम्या सेटचा एक फोटो त्याच लाइटमध्ये, फोकस आणि एक्सपोजर लॉक करून काढून ठेवा, नंतर एडिटिंगमध्ये तारेच्या जागी तोच भाग लावला की तार गायब.

आणि हो, टेबलच हलत असेल तर वरचं सगळं फुकट. सेटचा पुठ्ठा सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा, ट्रायपॉडचे पाय टेपने फरशीला चिकटवा, पंखा बंद (घामाघूम व्हाल, इलाज नाही), फोटो ब्लूटूथ रिमोटने काढा म्हणजे फोनला हात लागत नाही. घोडबंदर रोडला लागून घर असेल तर ट्रक गेला की टेबल थरथरतं, तो जाऊ द्या, मग क्लिक करा. बाहुली हलवताना एका हाताचं बोट टेकलेल्या पायावर दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने बाकीचं अंग फिरवायचं, आधी कंबर, मग पाय, हात सगळ्यात शेवटी.