हरीण आणि कोयोटी, दोन्हीला एकच रायफल: भाच्याला सांगितलं ते

माझा भाचा कोलोरॅडोत राहतो. ग्रीन कार्ड झालं, गावाबाहेर घर घेतलं, कोंबड्या पाळल्या आणि कोयोटी (तिकडचे कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) त्या उचलून नेऊ लागले. त्यात शेजारी म्हणतात, यंदा आमच्याबरोबर हरणाच्या शिकारीला चल. त्याने फोनवर विचारलं, "मामा, दोन्हीला चालेल अशी कोणती घेऊ?"

मी २२ वर्षं फौजेत आर्मरर (हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा) होतो, शेवटची पोस्टिंग महूला. आता इंदूरला राजेंद्रनगरात असतो. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच झालं. रालामंडलच्या टेकडीवरची होळकरांची शिकारगाहसुद्धा आता अभयारण्यात आहे. तिकडे मात्र परवाना काढून, नियम पाळून शिकार करता येते.

म्हणून आधी नियम बघा. कोलोरॅडोत हरणासाठी कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) निदान .२४ आणि गोळी निदान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लागते. म्हणजे .२२३ रेमिंग्टन कोयोटीला कितीही छान असली तरी हरणाला चालत नाही. १ जानेवारी १९४९ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारीचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. आणि एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा: शिकारीचा वैध परवाना असण्यासारखा अपवाद लागू होत नसेल, तर बंदूक नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

काडतूस मी .२४३ विंचेस्टर सांगितलं. १९५५पासून चालत आलेलं, धक्का सौम्य, मिळायला सोपं. कोयोटीला ५५-५८ ग्रेनची हलकी गोळी, हरणाला ९५-१०० ग्रेनची. ह्यात गल्लत नको. हलकी गोळी आत शिरताच फुटते. हरणाच्या खांद्यावर बसली तर आत पोचत नाही आणि जनावर जखमी होऊन तडफडत पळतं. असं होऊ देणाऱ्याने रायफल हातात धरू नये. ६.५ क्रीडमूर हे काडतूसही उत्तम, पण नवशिक्याला .२४३ बरी.

आता खरी गोष्ट, जी दुकानात कोणी विचारत नाही: रायफल तुमच्या अंगाला बसते का? भाचा पाच फूट पाच इंच. व्हिडिओ कॉलवर मी त्याला कोपर काटकोनात वाकवायला लावलं आणि भाचेसुनेला शिवणाच्या टेपने कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायला सांगितलं. पावणेतेरा इंच भरलं. दुकानातल्या बहुतेक रायफलींचं बट, म्हणजे ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतचा भाग, साडेतेराच्या आसपास असतं. त्यावर थंडीचं जाड जॅकेट चढलं की बट आणखी लांब पडतं, मान पुढे ताणावी लागते आणि शिस्त चुकते. बटच्या टोकाचे स्पेसर (जाडी वाढवणाऱ्या चकत्या) काढून बट आखूड करता येतं तीच घ्या.

मग डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरचा दिवा त्या फटीत धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तुमचा मास्टर आय. महूला एक उजवा जवान आठवडाभर टार्गेटबाहेर मारत होता. रायफल ठीक होती, मास्टर आय डावा निघाला. डाव्या खांद्यावर घेतली आणि सुधारला.

स्कोप (नेमाची दुर्बीण) ३-९x४० पुरे, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची. डोळा काचेपासून साधारण साडेतीन इंच लांब ठेवा, नाहीतर धक्क्याने भुवई फाटते. शंभर यार्डांवर हरणाच्या गोळीने झिरो करा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल असा स्कोप जुळवा. मग हलकी गोळी त्याच झिरोवर कुठे पडते ते कागदावर लिहून बटला चिकटवा, कारण ती त्याच जागी पडत नाही. आणि टेकडीच्या कडेवर उभ्या जनावरावर कधीच नेम धरू नका. मागे माती दिसली पाहिजे. चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाते.

परवा भाच्याने टार्गेटचा फोटो पाठवला. चार गोळ्या बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत, पाचवी तीन इंच वर. तो हात हलला म्हणत होता. मी म्हटलं, आधी स्कोपच्या रिंगांचे स्क्रू बघ. दोन सैल निघाले. शनिवारी तो पुन्हा रेंजवर जाणार आहे.