पहिलं नाव चढवण्याआधी: करिअर मार्गदर्शकांच्या ऐच्छिक नोंदवहीची तयारी

करिअर मार्गदर्शकांची नोंदवही, म्हणजे पात्रता तपासलेल्या मार्गदर्शकांची सगळ्यांना पाहता येईल अशी यादी, काढायचं ठरलं की पहिली बैठक बोधचिन्ह आणि वेबसाइटवरच संपते. ती कामं शेवटी ठेवा. आधी ही वही कोणासाठी आहे ते एका वाक्यात लिहून काढा. माझ्या मते ती मार्गदर्शकांसाठी नाहीच. चप्पल चावते की नाही हे संध्याकाळपर्यंत कळतं, चुकीचा अभ्यासक्रम निवडल्याचं कळायला दोन-तीन वर्षं जातात. सल्ला घेणाऱ्याला त्या क्षणी सल्ल्याची पारख करता येत नाही, म्हणून निदान सल्ला देणाऱ्याची पारख कुणीतरी आधी करून ठेवायला हवी.

मग पात्रता ठरवा. नमुना हवा असेल तर ब्रिटनमध्ये करिअर डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट चालवते ती नोंदवही पाहा. तिथे या विषयातली किमान सहाव्या स्तराची, म्हणजे साधारण पदवीच्या तोडीची पात्रता लागते, आचारसंहिता पाळावी लागते आणि वर्षाला २५ तासांच्या व्यावसायिक शिक्षणाची नोंद ठेवावी लागते. वीस वर्षं उत्तम काम करणाऱ्या, पण तशी पदवी नसलेल्या माणसाला बाहेर ठेवू नका. त्याच्यासाठी वेगळी वाट आखा. सल्ला घेणाऱ्याच्या संमतीने त्याच्या प्रत्यक्ष बैठका जाणकाराने पाहाव्यात. मात्र या वाटेलाही लेखी निकष हवेत, नाहीतर ती ओळखीपाळखीची होते.

आचारसंहितेसाठी कोऱ्या कागदावरून सुरुवात करायची गरज नाही. शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ सालापासून आहे आणि तिने १९९५ मध्ये नीतितत्त्वं स्वीकारली, ती पायाला घ्या. पण एक कलम स्वतः, अगदी रोखठोक लिहा. मुलाला ज्या संस्थेकडे पाठवलं तिच्याकडून प्रवेशामागे कमिशन घेणारा मार्गदर्शक या वहीत राहू शकतो का? ‘हितसंबंधांचा संघर्ष टाळावा’ असं मोघम लिहिलंत, तर पहिल्याच प्रकरणात दोन्ही बाजू तेच वाक्य वाचून दाखवतील.

सगळ्यात जास्त वेळ तक्रारीच्या प्रक्रियेला द्या. वही ऐच्छिक आहे, म्हणजे पाठीशी कायदा नाही. नाव काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी तीच पाटी लावून बसू शकतो. तुमच्या हातात एकच गोष्ट उरते: नाव काढलं, हे सगळ्यांना दिसू देणं. त्यासाठी निर्णय जाहीर करण्याची संमती अर्जावरच सहीनिशी घ्या, नंतर ती कुणी देत नाही. चौकशी करणारे वेगळे, निर्णय देणारे वेगळे, अपील ऐकणारे आणखी वेगळे. निर्णय देणाऱ्यांत या व्यवसायाबाहेरची माणसं हवीतच. चौकशी सुरू असताना कुणी राजीनामा दिला तरी चौकशी पूर्ण होईल, हेही लिहून ठेवा. ही पळवाट फार सोपी आहे. मग एक काल्पनिक तक्रार घेऊन अर्जापासून अपिलापर्यंत रंगीत तालीम करा. कागद कुठे अडतो ते तिथेच कळेल.

पैशाचं थोडक्यात: चौकशीचा निधी सभासदांच्या चालू वर्गणीपासून वेगळा ठेवा. वर्गणी बुडेल या भीतीने कुणाचं नाव टिकता कामा नये.

आता वहीतली एक ओळ कशी दिसेल ते कागदावर काढून बघा. नाव, नोंदणी क्रमांक, पात्रता, ती देणाऱ्या संस्थेकडे विचारून केलेल्या खातरजमेची तारीख, नूतनीकरणाची तारीख, सद्यस्थिती. प्रमाणपत्राच्या फोटोवर भागवू नका. या क्षेत्राशी संबंध नसलेल्या एखाद्या आईच्या हातात मोबाइल द्या आणि एक क्रमांक शोधायला सांगा. तुम्ही मधे बोलू नका, फक्त तिचं बोट कुठे थांबतं ते पाहा. ‘स्थगित’ आणि ‘मुदत संपली’ यांतला फरक तिला कळला नाही, तर शब्द बदला. ‘परवाना’, ‘मान्यताप्राप्त’ असे सरकारी वजनाचे शब्द मात्र कुठेही नकोत. नसलेला अधिकार सुचवणं ही फसवणूकच आहे.

शेवटी संस्थापकांचे अर्ज. त्यांना कसलीही सूट नको. त्यांची छाननी बाहेरच्यांकडून करून घ्या, आणि त्यातल्या कुणाचे कागद अपुरे निघाले तर ते पुरे होईपर्यंत उद्घाटन पुढे ढकला.